आधी डाव, मग डबा: ट्रेडिंग कार्ड गेममध्ये नव्याने उतरणाऱ्यांसाठी

या छंदात नवीन आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कोणती कार्डं घेऊ?" याचं उत्तर देण्याआधी मी उलटा प्रश्न विचारतो: "खेळणार कोणाबरोबर, आणि कोणत्या फॉरमॅटमध्ये, म्हणजे खेळाच्या कोणत्या प्रकारात?" बहुतेकांना हा प्रश्न फाटे फोडणारा वाटतो. पण सगळं घोडं इथेच अडतं. मी स्वतः उलट क्रमाने गेलो होतो. आधी पाकिटं फोडली, मग कार्डं डब्यात भरली, आणि मग कळलं की माझ्या ओळखीचे चारही भिडू जो प्रकार खेळतात त्यात माझी निम्मी कार्डं चालतच नाहीत. म्हणून या लेखाचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे: आधी खेळ, मग फॉरमॅट, मग डेक, त्यानंतर संग्रह, आणि सगळ्यात शेवटी स्वतःची कार्डं बनवणं.

साध्या ५२ पत्त्यांच्या डावात जोड एकच असतो आणि सगळे त्यातूनच खेळतात. ट्रेडिंग कार्ड गेममध्ये प्रत्येकजण आपला जोड, म्हणजे डेक, घरून बनवून आणतो, आणि समोरच्याच्या जोडात काय आहे हे आपल्याला माहीत नसतं. हा प्रकार १९९३ च्या ऑगस्टमध्ये 'मॅजिक: द गॅदरिंग'ने सुरू केला. तो रचणारा रिचर्ड गारफिल्ड हा गणितात डॉक्टरेट केलेला माणूस, आणि ते या खेळाच्या हाडामांसात दिसतं. १९९६ मध्ये जपानमध्ये पोकेमॉनचा कार्ड गेम आला, १९९९ मध्ये कोनामीचा यु-गि-ओ. अलीकडच्यांत वन पीस (२०२२) आणि लॉरकाना (२०२३) जोरात आहेत. या लेखात उदाहरणं मुख्यतः पहिल्या तिघांची आहेत, कारण बाकीच्यांनी त्यांच्याकडूनच उचललं आहे.

पहिली पायरी: दोन तयार डेक आणि दहा डाव

प्रत्येक कंपनी नवख्यांसाठी तयार डेक विकते. तसे दोन घ्या, किंवा एखाद्या जुन्या खेळाडूकडून उसने आणा. पहिला डाव पत्ते उघडे ठेवून खेळा. दोघांचे हात टेबलावर, आणि प्रत्येक कार्ड टाकताना त्यावरचा मजकूर मोठ्याने वाचायचा. वेळ लागतो, थोडं बालिशही वाटतं, पण नियमपुस्तिका तीनदा वाचून जे कळत नाही ते इथे तासाभरात कळतं. पाच डाव झाले की डेकची अदलाबदल करा. ज्या कार्डाने आपल्याला छळलं ते स्वतःच्या हातात आल्यावर त्याच्या मर्यादा दिसतात.

एक नियम मात्र पहिल्या दिवशीच डोक्यात पक्का बसवा: कार्डावर लिहिलेलं आणि नियमपुस्तिकेतलं यांत विरोध आला, तर कार्डाचं ऐकायचं. "एका पाळीत एकच" हा नियम, पण कार्ड म्हणतं "आणखी एक", तर आणखी एक. हजारो कार्डं असूनही मूळ नियम थोडके राहतात ते याच तरतुदीमुळे.

एकटे असाल तर मॅजिकसाठी 'अरेना', यु-गि-ओसाठी 'मास्टर ड्युएल' आणि पोकेमॉनसाठी 'टीसीजी लाइव्ह' ही अधिकृत ॲप आहेत आणि फुकट सुरू करता येतात. एका सापळ्यापासून सावध राहा. 'पोकेमॉन टीसीजी पॉकेट' हे ॲप गोड आहे, पण त्यातला डेक २० कार्डांचा आणि जिंकायला ३ गुण. खऱ्या टेबलावर डेक ६० कार्डांचा असतो आणि जिंकायला बाजूला पालथी ठेवलेली ६ प्राइझ कार्डं उचलायची असतात. पॉकेट खेळून थेट टेबलावर बसलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत गोंधळतो.

दुसरी पायरी: फॉरमॅट ठरवा

फॉरमॅट म्हणजे दोन गोष्टींचा करार: कोणती कार्डं चालतील आणि डेक कसा बांधायचा. हे करार खेळासोबत जन्माला आले नाहीत. मॅजिकच्या अगदी सुरुवातीला डेक किमान ४० कार्डांचा होता आणि एकाच कार्डाच्या कितीही प्रती घालता येत. लोकांनी एकच जबर कार्ड वीस-वीस वेळा घालून खेळ मोडून दाखवला. मग किमान ६० कार्डं आणि साध्या जमिनी (बाकीची कार्डं टाकायला इंधन देणारी कार्डं) सोडून एका कार्डाच्या जास्तीत जास्त ४ प्रती असा नियम आला. बंदी याद्या, फिरती वर्षं, शंभर कार्डांचे डेक हे सगळं अशाच भगदाडांना मारलेल्या ठिगळांतून वाढत गेलं आहे.

पहिला मोठा गट आपल्या संग्रहातून डेक बांधून आणण्याचा. यात 'स्टँडर्ड' म्हणजे फक्त अलीकडच्या संचांतली कार्डं. जुने संच ठरावीक काळाने बाहेर पडतात, त्याला रोटेशन म्हणतात. पोकेमॉनमध्ये कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटं इंग्रजी अक्षर असतं. कोणती अक्षरं सध्या चालू आहेत एवढं पाहिलं की काम झालं. स्टँडर्डचा फायदा असा की शिकायची कार्डं मोजकी असतात. तोटा असा की आज जीव लावून बांधलेला डेक एक दिवस बाद होतो. हे ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी न फिरणारे फॉरमॅट आहेत. मॅजिकमध्ये 'मॉडर्न' २००३ च्या आठव्या आवृत्तीपासून पुढची कार्डं घेतं, 'पायोनियर' २०१२ पासूनची. 'लेगसी' आणि 'व्हिंटेज' अगदी मुळापासून सगळी घेतात; फक्त लेगसीत काही कार्डांना बंदी आहे, तर व्हिंटेजमध्ये त्यांतली बरीचशी एकेक प्रत चालते. नवख्याने या शेवटच्या दोघांकडे लांबूनच पाहावं.

यु-गि-ओने रोटेशनचा मार्ग धरलाच नाही. तिथे जवळजवळ सगळी जुनी कार्डं चालतात आणि लगाम ठेवायला एक यादी असते. 'निषिद्ध' म्हणजे शून्य प्रती, 'मर्यादित' म्हणजे एक, 'अर्धमर्यादित' म्हणजे दोन, बाकी सगळ्यांच्या तीन. ही यादी अधूनमधून बदलते, म्हणून महागडं कार्ड घेण्याआधी ताजी यादी पाहण्याची सवय लावा. आजचा वेग ज्यांना झेपत नाही, त्यांच्यापैकी काहींनी काळच गोठवून टाकला आहे. 'गोट' फॉरमॅट २००५ च्या सुमाराचे नियम आणि कार्डं घेऊन खेळतात, 'एडिसन' २०१० च्या. ही चाहत्यांची हौस आहे, पण तिथे संथ, विचार करायला वेळ देणारे डाव मिळतात. मला तरी आजच्यापेक्षा तेच आवडतात.

आता कमांडर. मॅजिकमध्ये मित्रांच्या घोळक्यात आज हाच सर्वाधिक दिसेल. डेक बरोबर १०० कार्डांचा, त्यात 'लेजंडरी' असं छापलेलं एक पात्र नायक म्हणून बाजूला ठेवायचं, आणि साध्या जमिनी सोडल्या तर प्रत्येक कार्डाची एकच प्रत. आयुष्य २० ऐवजी ४०, खेळाडू साधारण चार. एकाच नायकाच्या हातून लढाईत एकूण २१ इजा झाली तर आयुष्य कितीही शिल्लक असो, तुम्ही बाद. फक्त एकेक प्रत लागत असल्याने संग्रह करणाऱ्यांना हा प्रकार फार मानवतो. पण अगदी नवख्याला मी थेट कमांडरमध्ये ढकलत नाही. चार खेळाडूंच्या पुढ्यात मिळून पन्नास वेगवेगळी कार्डं मांडलेली असतात आणि नवखा माणूस दीड तास फक्त वाचत बसतो. खेळायचंच असेल तर डाव सुरू होण्यापूर्वी तोंडाने विचारा, "तुमचा डेक किती धारदार आहे?" २०२५ मध्ये कंपनीने यासाठी १ ते ५ अशा पातळ्या सुचवल्या, पण खरं काम होतं ते या दोन मिनिटांच्या बोलण्यानेच.

हात आखडता असेल तर 'पॉपर' पाहा, फक्त कॉमन, म्हणजे सहज मिळणाऱ्या, कार्डांचा फॉरमॅट. स्वस्त आहे म्हणून सोपा समजू नका. पोकेमॉनमध्ये असाच सुटसुटीत पर्याय म्हणजे 'जिम लीडर चॅलेंज': एकाच प्रकारचे पोकेमॉन, प्रत्येक कार्डाची एकच प्रत.

दुसरा मोठा गट म्हणजे लिमिटेड. इथे घरून काहीच आणायचं नसतं. 'सील्ड'मध्ये सहा बंद पाकिटं मिळतात, ती फोडून ४० कार्डांचा डेक बांधायचा. 'ड्राफ्ट'मध्ये आठजण गोल बसतात, प्रत्येकाकडे तीन पाकिटं. पहिलं फोडून एक कार्ड ठेवायचं, उरलेली डावीकडे सरकवायची. दुसरं पाकीट उजवीकडे फिरतं, तिसरं पुन्हा डावीकडे. कार्डाची किंमत ओळखायला शिकवणारी याहून चांगली शाळा मला माहीत नाही. नवा संच बाजारात येण्याआधी 'प्रीरिलीज' नावाचे सील्ड खेळ भरतात. पहिल्यांदा बाहेर खेळायचं असेल तर तिथे जा. त्या दिवशी कार्डं सगळ्यांनाच नवी असतात, जुने मुरलेले खेळाडूही थांबून वाचत असतात, आणि तुमचं अडखळणं कोणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरी पायरी: डेक बांधताना थोडं गणित

मॅजिकचा पहिला डेक बांधायला एक जुना हिशेब पुरतो: नऊ वेगवेगळी कार्डं, प्रत्येकी चार प्रती, झाली ३६, त्यात २४ जमिनी, झाली ६०. नऊच कार्डं म्हटल्यावर लोक नाराज होतात. त्यांना आवडलेली तीस कार्डं असतात, प्रत्येकाची एकेक प्रत घालायची असते. आकडे पाहा. ६० मध्ये एकच प्रत असेल, तर सुरुवातीला हातात घ्यायच्या पहिल्या सात पानांत ती येण्याची शक्यता १०० मध्ये जेमतेम १२. चार प्रती असतील तर जवळजवळ ४०. ज्या कार्डावर डेकचा डोलारा उभा आहे त्याच्या चारही प्रती घालायच्या, त्या याचसाठी.

जमिनींचंही तसंच. २४ जमिनी असताना पहिल्या सात पानांत दोन ते चार जमिनी येण्याची शक्यता १०० मध्ये सुमारे ७७ आहे. म्हणजे साधारण चारात एकदा हात वाईट येणारच. त्यात डेकचा दोष नाही. अशा वेळी हात टाकून नवा घ्या. मॅजिकमध्ये २०१९ पासून पुन्हा सात पानं उचलायची आणि जितक्यांदा हात बदलला तितकी पानं डेकच्या तळाशी ठेवायची असा नियम आहे. एक जमीन आणि सहा देखणी महागडी कार्डं असा हात आशेवर ठेवून बसणं ही नवख्यांची सगळ्यात जुनी खोड. ४० कार्डांच्या लिमिटेड डेकमध्ये १७ जमिनींपासून सुरुवात करा.

खर्चाची उतरंडही बघा. एक-दोन माना (जमिनींतून मिळणारं इंधन) लागणारी कार्डं भरपूर, चारची थोडी, सहाची दोन-तीन. कार्डं खर्चाप्रमाणे रांगेत मांडून पाहा. ढीग उजवीकडे झुकला असेल तर पहिल्या तीन पाळ्या तुम्ही प्रेक्षक असणार.

पोकेमॉनमध्ये गणित थोडं वेगळं. पहिल्या सात पानांत एक तरी बेसिक (थेट हातातून मांडता येणारा) पोकेमॉन लागतोच. नसला तर हात दाखवून पुन्हा वाटायचा, आणि समोरच्याला एक जादा पान उचलता येतं. शिवाय सहा कार्डं प्राइझ म्हणून पालथी पडतात. एकाच प्रतीवर सगळी मदार असेल तर ती तिथे अडकण्याची शक्यता दहात एक. यु-गि-ओत मुख्य डेक ४० ते ६० कार्डांचा चालतो, पण खास कारण नसेल तर ४० लाच थांबा. तीन प्रतींचं कार्ड पहिल्या पाचांत येण्याची शक्यता तिथे सुमारे ३४ टक्के असते. डेक जाड केलात की तीच घसरते.

डेक बांधला की लगेच बदलू नका. किमान दहा डाव खेळा आणि हरल्यावर वहीत एका ओळीत कारण लिहा: जमिनी आल्या नाहीत, माझी चूक, की डेकच कमी पडला. फक्त तिसऱ्या कारणासाठी कार्डं बदलायची, तीही एका वेळी दोन-तीन.

आणि पिसणं. १९९२ मध्ये बायर आणि दियाकोनिस या गणितज्ञांनी दाखवलं की ५२ पत्ते नीट मिसळायला दोन भाग करून एकमेकांत गुंफण्याची पद्धत सुमारे सात वेळा करावी लागते. ६० कार्डांना थोडं जास्तच धरा. कार्डं टेबलावर सात ढिगांत वाटत जाणं म्हणजे पिसणं नव्हे. त्याने कार्डं मोजून होतात, एवढंच. पिसून झालं की डेक समोरच्यापुढे कापायला ठेवा.

चौथी पायरी: संग्रह, खेळाच्या मागोमाग

आता डबा. फॉरमॅट ठरलेला असल्यामुळे काय लागतं याची यादी तुमच्याकडे आहे. ती सुटी कार्डं म्हणून विकत घ्या किंवा बदलून मिळवा. पाकिटं फोडण्यात मजा आहे, मी ती नाकारत नाही. पण ठरावीक कार्ड हवं असताना पाकिटं फोडत बसणं म्हणजे मिठासाठी समुद्र घरी आणणं. पाकिटं ड्राफ्ट किंवा सील्डमध्ये फोडा. म्हणजे खेळही होतो आणि कार्डंही उरतात.

निव्वळ संग्रहाची हौस असेल तर आधी तिला कुंपण घाला. एखादा पूर्ण संच, एखादं पात्र, एखाद्या चित्रकाराची कार्डं, काहीही एक. "आवडेल ते" हा निकष दोन महिन्यांत खोली भरून टाकतो. कार्ड ओळखायला खालच्या बाजूचा क्रमांक वाचायला शिका. ११२/१०८ असा आकडा दिसला तर गोंधळू नका. संचाच्या घोषित संख्येपलीकडची ही खास कार्डं असतात. दुर्मीळपणाची खूण मॅजिकमध्ये संचचिन्हाच्या रंगात असते: काळा म्हणजे कॉमन, चंदेरी अनकॉमन, सोनेरी रेअर, नारिंगी मिथिक. पोकेमॉनमध्ये वर्तुळ, चौकट, तारा असा चढता क्रम असतो. दुर्मीळ म्हणजे जबर, असं मात्र नाही. कित्येक रेअर कार्डं कोणीच खेळत नाही, आणि काही कॉमन कार्डं प्रत्येक डेकमध्ये असतात.

जपणुकीबद्दल थोडक्यात. खेळायचं प्रत्येक कार्ड स्लीव्हमध्ये (प्लास्टिकच्या पातळ आवरणात) हवं, आणि एका डेकचे सगळे स्लीव्ह एकाच खेपेचे, नाहीतर पाठीमागच्या फरकावरून कार्ड ओळखू येतं आणि पंच तुम्हाला हटकतो. माप पाहून घ्या: मॅजिक आणि पोकेमॉनची कार्डं ६३ × ८८ मिमी, यु-गि-ओची थोडी छोटी, ५९ × ८६ मिमी. पीव्हीसीची पानं टाळा, ती कालांतराने चिकटतात आणि कार्ड खराब करतात. कड्यांच्या बाइंडरपेक्षा बाजूने कप्पे उघडणारा बिनकड्यांचा बाइंडर बरा, कारण कड्यांजवळच्या रांगेतल्या कार्डांवर वळ उमटतात. दमट हवेत चकाकणारी फॉइल कार्डं धनुष्यासारखी वाकतात. त्यांच्यासाठी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

बनावट कार्डांचा सुळसुळाट आहे. शंका आली तर त्याच संचातलं खात्रीचं एखादं कॉमन कार्ड शेजारी ठेवा आणि भिंगातून पाहा. खऱ्या छपाईत चित्र ठिपक्यांच्या ठरावीक नक्षीने बनलेलं असतं, पण काळी अक्षरं भरीव आणि धारदार असतात. बनावट कार्डात बऱ्याचदा अक्षरंसुद्धा ठिपक्यांची आणि कडांना पसरलेली दिसतात. कार्ड वाकवून किंवा फाडून तपासण्याचे व्हिडिओ पाहून दुसऱ्याच्या कार्डावर प्रयोग करू नका.

अदलाबदलीची रीत साधी आहे. दुसऱ्याचा बाइंडर विचारून हातात घ्या, कार्ड स्वतः काढू नका, आणि दोन्ही बाजूंची किंमत दोघांना दिसेल अशी उघडपणे पाहा. समोर लहान मूल असेल तर त्याच्या पालकांना बोलवा. त्याला त्याच्या कार्डाची किंमत माहीत नसणं हा तुमचा नफा नव्हे.

पीएसए, बेकेट, सीजीसी यांसारख्या संस्था कार्ड तपासून १० पैकी गुण देतात आणि प्लास्टिकच्या कवचात बंद करून पाठवतात. मध्य साधलेला आहे का, कोपरे, कडा, पृष्ठभाग असं सगळं पाहतात. कवचातलं कार्ड खेळता येत नाही, म्हणून सुरुवातीला त्या वाटेला जायचं कारण नाही. गुंतवणूक म्हणून कार्डं घेणाऱ्यांना एकच गोष्ट सांगतो. १९९५ मध्ये 'क्रॉनिकल्स' संचात जुनी कार्डं पुन्हा छापली गेली आणि संग्राहक इतके भडकले की १९९६ मध्ये काही कार्डं पुन्हा कधीच न छापण्याची 'रिझर्व्ह्ड लिस्ट' कंपनीला जाहीर करावी लागली. त्या यादीबाहेरचं कोणतंही कार्ड उद्या पुन्हा छापलं जाऊ शकतं.

पाचवी पायरी: स्वतःची कार्डं

खेळ अंगात भिनला की "असं कार्ड असतं तर?" हा किडा वळवळायला लागतो. त्याला वळवळू द्या, पण आधी एक धडा पाहून घ्या. मॅजिकची कार्डं पाच रंगांच्या गटांत विभागलेली असतात; पहिल्याच संचात या पाच रंगांना एकेक कार्ड दिलं होतं, प्रत्येकाचा खर्च एक माना, आणि प्रत्येक कार्ड कशाचे तरी 'तीन' देणारं. लाइटनिंग बोल्ट तीन इजा करतं. जायंट ग्रोथ प्राण्याला पाळीपुरती तीनाने ताकद आणि तीनाने चिवटपणा देतं. डार्क रिच्युअल तीन काळे माना देतं. हीलिंग सॅल्व्ह तीन आयुष्य देतं किंवा तीन इजा अडवतं. अँसेस्ट्रल रिकॉल तीन कार्डं उचलू देतं. कागदावर किती समतोल! प्रत्यक्षात हीलिंग सॅल्व्ह आज कोणी ढुंकून पाहत नाही, लाइटनिंग बोल्ट तीस वर्षांनंतरही मानाचं पान आहे, आणि अँसेस्ट्रल रिकॉल इतकं भयंकर की व्हिंटेजमध्ये त्याची एकच प्रत चालते आणि लेगसीत तर पूर्ण बंदी.

तीन हा आकडा सारखा दिसला तरी तीन कशाचे यावर सगळं ठरतं. आयुष्य वाढवल्याने डाव फक्त लांबतो. कार्ड उचलणं म्हणजे पुढच्या प्रत्येक चालीला आणखी पर्याय. यु-गि-ओतलं पॉट ऑफ ग्रीड काहीही न मोजता दोन कार्डं देतं, तेही आज निषिद्ध यादीत आहे. म्हणून नव्या रचनाकाराने तीन शब्दांना दबकून असावं: "उचला", "फुकट" आणि "प्रत्येक वेळी".

अख्खा नवा खेळच रचायचा असेल तर पहिला निर्णय इंधनाचा. कार्ड टाकायला खर्च कशातून येणार? मॅजिकमध्ये जमिनी डेकमध्येच असतात, त्यामुळे कधी दुष्काळ, कधी महापूर. पोकेमॉनमध्ये एका पाळीत हातातून एक एनर्जी जोडायची, तीही ठरावीक पोकेमॉनला, म्हणजे तो पडला की इंधनही गेलं. यु-गि-ओत इंधनच नाही. तिथे एका पाळीत एकच साधं आवाहन (हातातला राक्षस मैदानात आणणं) हा लगाम, आणि बाकीची आवाहनं त्याला वळसा घालत राहतात. लॉरकानात ठरावीक खूण असलेलं कोणतंही कार्ड पालथं घालून शाई म्हणून वापरता येतं, त्यामुळे प्रत्येक पाळीत जीव तुटतो: हे कार्ड खेळू की जाळू? वन पीसमध्ये इंधनाचा दहा कार्डांचा वेगळाच डेक असतो आणि तो न चुकता वाढत जातो. यांतलं कुठलं चांगलं यावर लोक रात्र-रात्र भांडतात. माझं मत लॉरकानाच्या बाजूचं, कारण तिथे नशिबाला दोष देता येत नाही.

मग लिहायला बसा. एका कार्डात एकच कल्पना. मजकूर चार ओळींवर गेला तर बहुधा त्यात दोन कार्डं दडलेली आहेत. शब्दरचना मूळ खेळाचीच उचला: तिथे "नष्ट करा" आणि "बाहेर काढा" यांचे अर्थ वेगळे असतील तर तुमच्याही कार्डात ते वेगळेच राहिले पाहिजेत. कार्ड कोणासाठी आहे हेही स्वतःला विचारा. मॅजिकचे रचनाकार मार्क रोझवॉटर यांनी २००२ मध्ये खेळाडूंचे तीन नमुने मांडले: टिमीला दणदणीत अनुभव हवा, जॉनीला आपली हुशारी दाखवायची आहे, स्पाइकला जिंकायचं आहे. एकाच कार्डाने तिघांना खूश करायला गेलात तर कोणीच खूश होत नाही.

चित्रं काढण्यात वेळ घालवू नका, निदान आत्ता नको. कागदाच्या चिठ्ठीवर पेनाने लिहा आणि स्लीव्हमध्ये एखाद्या बिनकामाच्या कार्डापुढे सरकवा. पहिल्या पाच डावांत निम्म्या चिठ्ठ्या फाडाव्या लागतात, आणि ज्यावर दोन रात्री चित्र रंगवलं आहे ती चिठ्ठी फाडवत नाही. चाचणीत सगळ्यात उपयोगी प्रकार म्हणजे गप्प बसणं. कार्डं दुसऱ्या दोघांना द्या, समजावू नका, नुसतं पाहा. ते जिथे अडखळतात तिथे मजकूर चुकला आहे, तुम्हाला तो कितीही स्पष्ट वाटत असला तरी. प्रत्येक बदल तारखेसह लिहून ठेवा. अशी कार्डं मित्रांत खेळायला मोकळीक आहे, पण अधिकृत स्पर्धेत ती चालत नाहीत, आणि दुसऱ्यांची नावं-चित्रं वापरून ती विकायला गेलात तर कायद्याशी गाठ आहे.

नवी कार्डं रचायची नसतील, तर 'क्यूब' करा. क्यूब म्हणजे आपल्याच संग्रहातून निवडलेल्या कार्डांचा, पुन्हा-पुन्हा ड्राफ्ट करता येणारा संच. आठजणांना प्रत्येकी १५ कार्डांची तीन पाकिटं द्यायची तर ३६० कार्डं लागतात. सहसा प्रत्येकाची एकच प्रत. कॉमन कार्डांचाही झकास क्यूब होतो. कोणत्या रंगाला काय द्यायचं, कोणतं कार्ड डाव बिघडवतं, कोणतं कोणीच उचलत नाही, हे ठरवता-ठरवता रचनेचं सगळं शिक्षण होतं, आणि डब्यात धूळ खात पडलेली कार्डं टेबलावर येतात.

आठजण जमले नाहीत, जे बहुतेक वेळा होतंच, तर दोघांसाठी 'विन्स्टन ड्राफ्ट' आहे, हाही गारफिल्डचाच. क्यूबमधली ९० कार्डं पिसून एक गठ्ठा करा आणि त्यातली तीन शेजारी-शेजारी पालथी ठेवा, हे तीन ढीग. आपली पाळी आली की पहिला ढीग गुपचूप पाहायचा. हवा असेल तर उचलायचा आणि त्या जागी गठ्ठ्यातलं एक कार्ड पालथं ठेवायचं. नको असेल तर त्यावर गठ्ठ्यातलं एक कार्ड न पाहता टाकून दुसऱ्याकडे वळायचं, मग तसंच तिसऱ्याकडे. तिन्ही नाकारले तर गठ्ठ्यावरचं वरचं कार्ड, असेल ते, पदरात घ्यायचं. गठ्ठा आणि ढीग संपेपर्यंत हेच चालू. मग मिळालेल्या कार्डांतून, हव्या तितक्या साध्या जमिनी घालून, ४० चा डेक बांधा. साध्या जमिनींचा एक वेगळा डबा क्यूबसोबत कायम ठेवा, ऐनवेळी त्याच सापडत नाहीत.